एकनाड आणि निगेटिव्ह रक्त

श्रोतेहो, नमस्कार. पत्रिकेत एकनाड निघाली की लग्नाच्या बैठकीत कशी शांतता पसरते, ते तुम्ही पाहिलं असेल. हल्ली तीच भीती रक्तगटाला चिकटली आहे. मुलगा बी पॉझिटिव्ह, मुलगीही बी पॉझिटिव्ह, मग मुलं कशी होणार? होतात हो, चांगली धडधाकट होतात! नवरा-बायकोचा रक्तगट एकच असला म्हणून काही बिघडत नाही.

बघायचं ते गटापुढचं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह असले, तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. एरवी दोघांचं रक्त वेगळं राहतं, पण बाळंतपणात वार सुटताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात उतरतं. आईचं शरीर त्याला परकं समजतं आणि अँटीबॉडी, म्हणजे परक्या पेशींशी लढणारे पदार्थ, तयार करतं. तोवर पहिलं बाळ जन्मलेलं असतं, म्हणून ते बहुधा सुटतं. पुढच्या खेपेला त्याच अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. मग रक्त कमी होतं, कावीळ होते, अंगावर सूज येते. कधी बाळ पोटातच दगावतं. ‘पहिलं जगलं, पुढचं एकही टिकलं नाही’ म्हणून बोल लावलेल्या कित्येक सुनांचा दोष एवढाच असेल.

यावर 1968 पासून ‘अँटी-डी’चं इंजेक्शन मिळतं. निगेटिव्ह आईला ते साधारण 28व्या आठवड्यात देतात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत पुन्हा. अँटीबॉडी एकदा तयार झाल्या की त्याचा उपयोग नाही. म्हणून आधी कूम्ब्ज तपासणी, म्हणजे आईच्या रक्तात अशा अँटीबॉडी आहेत का ते बघणारी तपासणी, करतात.

आता जिथं हमखास चूक होते ते सांगते. गर्भपात झाला, करून घेतला, गर्भ नळीत राहिला किंवा पोटाला मार लागला, तरी रक्त मिसळू शकतं. अशा वेळी घरात गप्प बसण्याची रीत असते. तुम्ही निगेटिव्ह असाल तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा, ‘मला अँटी-डी लागेल का?’

आईचा गट ओ आणि बाळाचा ए किंवा बी असला, तर पहिल्या बाळालाही कावीळ होऊ शकते. ती बहुधा सौम्य असते, निळ्या दिव्याखाली ठेवून उतरते. पण पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं, तर कोवळ्या उन्हात धरून बसू नका, लगेच दवाखाना गाठा.