रात्री ठणाणा करणाऱ्या बोक्याचं घर

नमस्कार, श्रोतेहो.

जखमी मांजर उचलून घरी आणणारे पुष्कळ असतात. औषधपाणीही मनापासून होतं. पण जखम भरली, अंगावर केस आले, मांजर चार घास खायला लागलं, की घरात कुजबुज सुरू होते: आता याचं पुढे काय? ते पिल्लू असेल तर कुणीतरी नेतंच. दोन-तीन वर्षांचं मांजर असेल तर मात्र लोक फोटो बघतात, ‘अरेरे’ म्हणतात आणि गप्प होतात.

मला हे गणित कळत नाही. घरात नीट सांभाळलेलं मांजर पंधरा वर्षं सहज काढतं. म्हणजे तीन वर्षांचं घेतलंत तरी पुढची बारा वर्षं आहेतच की! शिवाय पिल्लू मोठेपणी कसं निघेल, कुणी सांगावं? मोठ्या मांजराचा स्वभाव समोर दिसतो. मांडीवर येतं का, दुसरं मांजर खपवून घेतं का, मुलांना बघून पळतं का, सगळं माहीत असतं. मग ते सांगा. गुण सांगा आणि खोडही सांगा. खोड आधी सांगा, असंच मी म्हणेन. का, ते शंखाची गोष्ट ऐकलीत की कळेल.

शंख म्हणजे पांढराशुभ्र बोका, दोन्ही डोळे निळे. एका पार्किंगमध्ये जिन्याखाली सापडला, मागचा पाय सुजलेला. गाडी अगदी अंगावर आली तरी हा जागचा हलत नसे. आम्हाला वाटलं, पायामुळे. डॉक्टरांनी त्याच्या पाठीमागे उभं राहून जोरात टाळी वाजवली. कानाची पाळीसुद्धा हलली नाही. पांढऱ्या मांजराचे दोन्ही डोळे निळे असले, तर ते बहिरं असण्याची शक्यता साधारण ६५ ते ८५ टक्के. डार्विननं १८५९ मध्येच या जोडीची नोंद केली होती. कातडीला रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानालाही लागतात. त्या तिथे नसल्या, तर जन्मानंतर थोड्याच आठवड्यांत ऐकू येणं कायमचं बंद.

आता, ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यानं तो किती मोठा काढायचा याला धरबंध कुठला? सगळीकडे निजानीज झाली की हा बोका पॅसेजच्या मधोमध उभा राहायचा, मान वर करायचा आणि सुरू. नाव तेव्हाच पडलं.

दिसायला राजबिंडा. आमच्यातल्या एका हौशी मुलीनं जाहिरात लिहिली: ‘शांत, प्रेमळ, देखणा’. भराभर फोन आले. (ते फोटोवर फुलं आणि चांदण्या चिकटवण्याचं वेड एकदा थांबायला हवं. मांजराचा चेहरा दिसू द्या की जरा!) एक जोडपं त्याला घेऊन गेलं आणि आठवड्याच्या आत पिंजऱ्यासकट परत दारात. दोघांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं. घरात तान्हं बाळ होतं. बोका ओरडला की बाळ उठायचं. बाळ रडायला लागलं की बोका मात्र निवांत झोपायचा, कारण त्याला कुठे ऐकू येतंय!

मग जाहिरात बदलली. पहिलंच वाक्य: ‘हा बोका बहिरा आहे आणि रात्री ठणाणा करतो.’ फोन बंद. ती मुलगी म्हणाली, “काका, आता हा तुमच्याच गळ्यात.” मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

आणि एका संध्याकाळी फोन आला. ऐंशी ओलांडलेल्या एक आजी. माझं बोलणं त्यांना नीट ऐकू जाईना, म्हणून नातवानं फोन घेतला. “आजी विचारतेय, दिवसापण ओरडतो का?” मी म्हटलं, नाही, दिवसभर झोपतो. पलीकडे दोघंही खो-खो हसायला लागले. आजी रात्री नऊला श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतात. नऊनंतर उशाशी ढोल वाजवा, त्यांना पत्ता लागत नाही. घर बैठं, नातू दुसरीकडे राहतो, भिंतीला भिंत लागून कुणी नाही.

(श्रवणयंत्राचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. ते घेऊन दिवसासुद्धा कपाटात ठेवणारे आणि वर ‘हल्ली सगळे हळू बोलतात’ म्हणणारे आमच्या ओळखीत कितीतरी आहेत. असो.)

शंखाला घेऊन गेलो. तो थेट पलंगाखाली. मी वाकून हाका मारतोय, सवयच ती! आजींनी हातातली काठी जमिनीवर ठक ठक आपटली. जमिनीचा कंप पायांना कळतो ना. पलंगाखालून पांढरं डोकं बाहेर आलं. “मला हाक मारायला हीच पद्धत आहे घरात,” आजी म्हणाल्या.

शंख अजून तिथेच आहे. आजी भेटल्या की कौतुक करतात, “फार शांत जनावर आहे हो. रात्री तर आवाजसुद्धा नाही.”

तर, खोड आधी सांगा. लपवलेल्या खोडीनं बोका परत आला आणि सांगितलेल्या खोडीनं त्याला घर मिळालं.

बाकीचं भराभर सांगतो, वेळ थोडा उरलाय. नसबंदी करूनच मांजर द्या, ‘नंतर करू’वर विसंबू नका. लसींचा कागद बरोबर द्या. ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांत एकमेकांकडून पसरणाऱ्या दोन विषाणूंची तपासणी झालेली असावी, विशेषतः त्या घरात दुसरं मांजर असेल तर. खिडक्यांना जाळी आहे का, स्वतः बघून या. बहिरं मांजर असेल तर एकट्यानं बाहेर अजिबात नको.

नव्या घरात सुरुवातीला एकच खोली द्यायची. मांजर पलंगाखाली बसेल, बसू द्यावं, ओढून काढू नये. पण दोन दिवस अन्नाला तोंडच लावलं नाही, तर वाट बघायची नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठते आणि ते जिवावर बेततं. दोन दिवस, लक्षात ठेवा, त्यापुढे डॉक्टर.

आणि एक गोष्ट तोंडी नको, कागदावर लिहून घ्या: नाही जमलं तर मांजर तुमच्याकडेच परत येईल, परस्पर तिसऱ्या कुणाला दिलं जाणार नाही. खाली सही, तारीख.

नमस्कार.