फोनमधल्या सेटिंग्ज येतात कुठून?

(पडद्यावर : नवा फोन. सिमचा ट्रे आत सरकतो. काही सेकंदांत वर कोपऱ्यात नेटवर्कचं नाव उमटतं.)

कारखान्यातून निघताना फोनला माहीत नसतं की तो कोणत्या कंपनीच्या नेटवर्कवर चालणार आहे. इंटरनेटसाठी त्याला एपीएन, म्हणजे नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणाऱ्या दाराचं नाव, लागतो, एमएमएससाठी (फोटो असलेल्या मेसेजसाठी) सर्व्हरचा पत्ता लागतो, आणि या गोष्टी प्रत्येक नेटवर्कच्या वेगळ्या. मग त्या भरतं कोण?

आज बहुतेक वेळा सिमवरूनच काम भागतं. सिममध्ये आयएमएसआय नावाचा क्रमांक असतो, जास्तीत जास्त १५ अंकांचा. पहिले तीन अंक देशाचे, पुढचे दोन किंवा तीन नेटवर्कचे. अँड्रॉइड फोनमध्ये एपीएनची लांबलचक यादी आधीच भरलेली असते. फोन हे अंक वाचतो आणि जुळणारी नोंद उचलतो. आयफोनमध्ये हेच काम कॅरियर बंडल, म्हणजे त्या त्या नेटवर्कच्या सेटिंग्जची फाइल, करतं.

पण ज्या फोनमध्ये अशी यादी नव्हती, त्यांच्यासाठी सेटिंग्ज एसएमएसने यायच्या.

(पडद्यावर : बटणांचा जुना फोन. "नवीन सेटिंग्ज मिळाल्या. सेव्ह करायच्या?")

हा मेसेज साधा नव्हे. एका एसएमएसमध्ये मावतात १४० बाइट. म्हणून एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा लावलेल्या साध्या मजकुरात, लिहिलेल्या सेटिंग्ज आवळून बायनरी (थेट यंत्राला कळणाऱ्या आटोपशीर रूपातल्या) केल्या जातात, गरज पडली तर दोनतीन मेसेजमध्ये विभागल्या जातात, आणि फोन त्या पुन्हा जोडून घेतो. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ओपन मोबाइल अलायन्सने ही पद्धत प्रमाण केली. नाव, क्लायंट प्रोव्हिजनिंग.

खरा प्रश्न पुढे आहे. मेसेज कंपनीनेच पाठवला, हे फोनने ओळखायचं कसं? या प्रमाण पद्धतीत त्याची सोय होती. एक तर आयएमएसआयची किल्ली करून मेसेजवर खूण उमटवायची, नाहीतर ग्राहकाला वेगळ्या मार्गाने पिन कळवायचा आणि तो त्याने टाकायचा. मजकुरात एक अक्षर जरी बदललं, तरी खूण जुळत नाही. मात्र आयएमएसआय हे काही पक्कं गुपित नाही. आणि पिनचा मेसेज अनोळखी माणूसही पाठवू शकतो. पिन तोच सांगणार!

२०१९ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नेमकं हेच दाखवून दिलं. सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनीच्या फोनवर असे बनावट मेसेज चालत होते. सॅमसंगच्या काही फोनना तर कसलीच खूण लागत नव्हती. मालकाने एकदा "इन्स्टॉल" दाबलं की फोनची इंटरनेटची ये-जा हल्लेखोराच्या प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, वळवता येई. सॅमसंग आणि एलजीने त्याच वर्षी दुरुस्ती दिली. माझ्या मते दोष दाबणाऱ्या बोटाचा नव्हताच. मेसेज कोणाचा आहे हे पडद्यावर कळतच नसेल, तर माणूस पारखणार तरी कशावरून?

क्लायंट प्रोव्हिजनिंगनंतर आलेल्या पद्धती उलट्या दिशेने चालतात. कार्यालयाने दिलेल्या आयफोनचं व्यवस्थापन घ्या. सर्व्हरकडून येणाऱ्या पुश संदेशात सेटिंग्ज नसतातच. तो फक्त कडी वाजवतो. मग फोन नोंदणीच्या वेळी ठरलेल्या पत्त्यावर स्वतः जातो, सर्व्हरचं प्रमाणपत्र (त्याची डिजिटल ओळख) तपासतो आणि आदेश घेऊन येतो.

(पडद्यावर : कॅमेऱ्यासमोर क्यूआर कोड.)

ई-सिममध्ये, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमच्या चिपमध्ये, तर अख्खं सिमच असं उतरतं. क्यूआर कोडमध्ये असतो सर्व्हरचा पत्ता आणि एक सांकेतिक क्रमांक. फोनमधली चिप आणि सर्व्हर एकमेकांची प्रमाणपत्रं तपासतात. त्यानंतर येणारं प्रोफाइल, म्हणजे सिममधली माहिती, त्याच चिपसाठी कुलूपबंद केलेलं असतं. वाटेत कोणी पळवलं, तरी दुसऱ्या फोनमध्ये ते उघडत नाही.

जुन्या पद्धतीचे मेसेज आजही काही फोन स्वीकारतात. आपण मागितल्याशिवाय सेटिंग्ज आल्या, तर "रद्द करा" दाबा. चुकून भरल्या गेल्या असतील, तर अँड्रॉइडमध्ये मोबाइल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये जाऊन एपीएन मूळ स्थितीला आणा, आणि आपल्या कंपनीच्या ग्राहक सेवेकडून योग्य नोंद मागून घ्या.