फुटपाथ तुटतो तो गेटपाशी

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायच्या आधी खिशातला हा टेप टेबलावर ठेवतो. पाच मीटरचा आहे. मी एका महानगरपालिकेच्या पथ विभागात ३१ वर्षं काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून चिकटलो, उपअभियंता म्हणून सुटलो. कोणती महानगरपालिका ते विचारू नका. जी मनात येईल ती समजा, फारसा फरक पडायचा नाही. तर त्या ३१ वर्षांत या टेपने मी फुटपाथांची लांबी मोजली, रुंदी मोजली, कारण बिलाला चौरस मीटर लागतात. फुटपाथ सलग किती आहे, हे मात्र कधी मोजलं नाही. त्याचं बिल निघत नाही.

ते मोजलं निवृत्तीनंतर. आमच्या घरी सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज थोडं चालवा. ठरलं की आमच्या गेटपासून कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत जायचं आणि परत यायचं. ती पुढे, मी टेप घेऊन मागे. जित्याची खोड! अंतर भरलं २१० मीटर. फुटपाथ चांगला पेव्हर ब्लॉकचा, कागदोपत्री दोन मीटर रुंद. त्या २१० मीटरांत तिला नऊ वेळा खाली उतरावं लागलं आणि नऊ वेळा वर चढावं लागलं. सहा वेळा सोसायट्यांच्या गेटपाशी, एकदा विजेच्या डीपीपाशी, एकदा झाडाच्या पारापाशी आणि एकदा कुणीतरी बाथरूम नवीन केलं होतं त्याच्या फुटक्या टाइल्सच्या गोण्यांपाशी. पहिल्या दिवशी तिसऱ्या गेटनंतर ती वर चढलीच नाही. खाली डांबरावरून, बसच्या अंगाला अंग लावून, वॉकर ठोकत चालत राहिली. मी ओरडलो, अगं, वर ये. ती म्हणाली, तुम्हीच चढा.

‘लोक फुटपाथ सोडून रस्त्यावरून का चालतात’ असं आम्ही ऑफिसात बसून एकमेकांना विचारायचो. वर उत्तरही द्यायचो, की लोकांना शिस्त नाही.

आता उंचीचं घ्या. आपल्याकडे फुटपाथ फूटभर उंच असतो, कुठे कुठे दीड फूट. हा उंचवटा काही आपोआप झालेला नाही, आम्ही मुद्दाम केलाय. दुचाकी चढू नये म्हणून. झालं काय, की दुचाकीवाला गेटच्या उतारावरून आरामात वर येतो आणि पुढच्या गेटच्या उतारावरून खाली जातो. त्याला काही अडत नाही. अडतं ते गुडघेदुखीवाल्यांचं, बाबागाडी ढकलणाऱ्या आईचं, व्हीलचेअरवाल्याचं. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था आहे. तिची पादचाऱ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात स्पष्ट लिहिलंय, की कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडाची, उंची १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको आणि चालायला किमान १.८ मीटर रुंद, २.२ मीटर उंच एवढी पूर्ण मोकळी जागा हवी. १.८ मीटर का? दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर जाता यायला हव्यात म्हणून. उंची का मोजायची? फलकाची पट्टी कपाळावर बसू नये म्हणून. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना दुकानाच्या बोर्डाचा कोपरा लागलाय, हात वर करा... बघा.

दुचाकी थांबेनात तेव्हा आम्ही खांब ठोकले, ते स्टीलचे बोलार्ड. इतके जवळ जवळ ठोकले की दुचाकी अडली आणि तिच्याबरोबर व्हीलचेअरही अडली. व्हीलचेअर सुखाने जायची तर दोन खांबांत किमान ९० सेंटीमीटर मोकळी जागा लागते. बिघडलेलं दुरुस्त करायला दुसरं बिघडवायचं, ही आमच्या खात्याची जुनी पद्धत.

पण माझा खरा मुद्दा गेटचा आहे. फुटपाथ तुटतो तो गेटपाशी. आपली पद्धत अशी, की गाडी आत जायची म्हणून फुटपाथ तोडायचा. गाडी सपाट जाते, माणूस उतरतो आणि चढतो. खरं तर हे बरोबर उलटं हवं. फुटपाथ गेटसमोरही त्याच उंचीवर सरळ पुढे जायला हवा आणि रस्त्याच्या बाजूच्या कडेला छोटा उतार देऊन गाडीने वर चढावं, फुटपाथ ओलांडावा आणि आत जावं. गाडीला इंजिन आहे हो! चढायचे कष्ट कुणी करायचे, ज्याला इंजिन आहे त्याने की ज्याचा गुडघा नवा बसवलाय त्याने? याचा आणखी एक फायदा असा, की गाडीवाल्याला आपण लोकांच्या वाटेवरून चाललोय हे चाकाखाली कळतं आणि वेग आपोआप कमी होतो.

काही सोसायट्या तर याच्याही पुढे जातात. त्यांचा उतार फुटपाथ ओलांडून थेट रस्त्यात, दोन-तीन फूट. तो सिमेंटचा उतार बसतो नेमका पावसाचं पाणी कडेने वाहतं त्या जागेवर. मग कुणीतरी हुशारी करून त्याखाली चार इंची पाइप टाकतं. पहिल्या पावसात गुलमोहराची पानं आणि गुटख्याच्या पुड्या जाऊन तो पाइप तुंबतो. मग गेटसमोर तळं. मग तक्रार, की पालिकेचं ड्रेनेज खराब. मी अशा तक्रारींवर साइट व्हिजिटला गेलो आहे आणि ज्यांनी तक्रार केली त्यांच्याच उतारावर उभं राहून चहा प्यालो आहे. बोलायचं धाडस झालं नाही. चहा चांगला होता.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे १९४९च्या कायद्यात, कलम २२९, २३० आणि २३१ अशी तीन कलमं लागोपाठ आहेत. पहिलं सांगतं की सार्वजनिक रस्त्याला अडथळा होईल असं बांधकाम करायचं नाही, दुसरं सांगतं की रस्त्यात वस्तू ठेवायच्या नाहीत, आणि तिसऱ्याने आयुक्तांना असं काही नोटीस न देता उचलायचा अधिकार दिलाय. ही कलमं आम्ही कुणावर वापरली? केळीवालीवर, हातगाडीवर, पथारीवाल्यावर. अतिक्रमण विभागाची गाडी आली की तिच्यात वजनकाटा, छत्री आणि टोपल्या पडतात. सोसायटीच्या कुंड्या पडलेल्या मी पाहिल्या नाहीत. कंपाउंड वॉलबाहेर, फुटपाथवर, तारेचं कुंपण घालून केलेली ‘बाग’ उचललेली पाहिली नाही. जिना फुटपाथवर आलेलं दुकान पाडलेलं एकदा पाहिलं, त्याचाही पुढच्या वर्षी पुन्हा जिना झाला.

आता फेरीवाल्यांचं बोलतो, कारण प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न तोच येणार. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्या लोकांच्या खटल्यात सांगितलं, की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. राज्यघटनेचं कलम २१. त्याच निकालात हेही सांगितलं, की फुटपाथ अडवून घर बांधायचा हक्क कुणाला नाही. पुढे २०१४ साली पथविक्रेत्यांचा कायदा आला. त्यात शहर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत, कुठे बसायचं, कुठे नाही ते ठरवून द्यायचं आहे. आणि मे २०२५मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं, की चालण्याजोगा, अडथळा नसलेला फुटपाथ हाही जगण्याच्या हक्कात येतो. पुन्हा कलम २१. म्हणजे चालणारा आणि विकणारा, दोघेही एकाच कलमाचा कागद हातात घेऊन दोन मीटरवर उभे आहेत. दोन मीटरात दोघं मावत नाहीत, हे मान्य. मावायचे असतील तर रुंदी हवी. ती कुठून आणायची? फुटपाथला लागून उभ्या असलेल्या मोटारी बघा. एक मोटार साधारण पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद जागा घेते, आणि बहुतेक ठिकाणी फुकट. माझं मत मी नोकरीत कधी सांगितलं नाही, आता सांगतो. भाजीवालीला उठवण्याआधी त्या मोटारीकडे बघा. रात्री नऊ वाजता आमच्या गल्लीत सुनेला एकटीला यायला बरं वाटतं ते त्या भाजीवालीच्या दिव्यामुळे.

पिवळ्या टाइल्स सगळ्यांनी पाहिल्या असतील, उभ्या रेघांच्या आणि ठिपक्यांच्या. अंध व्यक्तींसाठी असतात. रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली त्या शोधल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या एका चौकात पहिल्यांदा बसवल्या. आपल्याकडे त्या आल्या त्या ‘डिझाइन’ म्हणून. कंत्राटदाराच्या माणसाला कुणी अर्थ सांगितला नाही. अर्थ न सांगणाऱ्यांत मीही आहे. त्याने सरळ रेघ ओढली आणि ती रेघ थेट झाडाच्या बुंध्यात घातली. एका ठिकाणी रेघा विजेच्या खांबापर्यंत जातात, खांबाला वळसा न घालता पलीकडून पुन्हा सुरू होतात. मी एकदा डोळे मिटून काठी घेऊन त्यावर वीस पावलं चाललो. एकविसावं पाऊल चेंबरच्या झाकणात गेलं. झाकण दोन इंच खाली होतं.

पेव्हर ब्लॉक का खचतात, हाही प्रश्न नेहमी येतो. ब्लॉक खचत नाहीत हो, त्याखालची माती खचते. एकदा केबलवाला खोदतो, एकदा गॅसवाला, एकदा पाण्याची लाइन. दर वेळी माती थर देऊन, पाणी मारून ठोकायची असते. ती नुसती ढकलतात, वर ब्लॉक मांडतात आणि पावसाळ्यात तिथे पाळणा होतो. पाऊल पडलं की ब्लॉक हलतो आणि खालचं पाणी पिचकारीसारखं पायावर उडतं. बेंगळुरूमध्ये टेंडर शुअर नावाने काही रस्ते केले, तिथे सगळ्या लाइनी फुटपाथखाली आधीच आखून ठेवल्या, म्हणजे पुन्हा पुन्हा फोडायला नको. पुणेकर जंगली महाराज रस्त्याचं नाव काढलं की १९७०च्या दशकातल्या न उखडलेल्या डांबराची गोष्ट सांगतात. मला त्या रस्त्याचं कौतुक अलीकडे केलेल्या त्याच्या रुंद फुटपाथचं. तिथे म्हातारी माणसं बसलेली दिसतात. ज्या फुटपाथवर म्हातारं माणूस निवांत बसतं तो मी पास करतो, बाकी मोजमाप नंतर.

स्वच्छतेचं थोडक्यात. कचऱ्याचा ढीग कुठे होतो? जिथे कुणाचं दार उघडत नाही तिथे. कोरी भिंत, डीपीची मागची बाजू, बंद बंगल्याचा कोपरा. आमच्या गल्लीतल्या झाडणाऱ्या मावशींना मी विचारलं, की आमच्या सोसायटीसमोर रोज कचरा का राहतो. त्यांनी झाडू पुढे केला आणि दाखवलं. कुंडी, स्कूटरचं स्टँड, पुन्हा कुंडी, फ्लेक्सची चौकट. झाडू सरळ ओढताच येत नाही. प्रत्येक कुंडीमागे मूठभर कचरा अडकतो आणि तो हाताने उचलावा लागतो. सगळ्या सोसायट्यांसमोर तसं करत बसलं तर दुपार होते. आम्ही कुंड्या शोभेसाठी ठेवल्या होत्या. तुळशीच्या कुंडीमागे त्या दिवशी डायपर निघालं. भिंतीवर देवाच्या टाइल्स लावून थुंकणं थांबतं, हे मी पाहिलंय, पण देवाच्या टाइल्स संपतात तिथून पुढे दोन फुटांवर पुन्हा पिचकाऱ्या सुरू होतात. देवाला तरी किती भिंत द्यायची?

राडारोड्याचं एक सांगतो. घराचं काम काढलंत तर ठेकेदाराशी पैसे ठरवतानाच गोण्या कुठे जाणार आणि कधी जाणार ते विचारा. ‘उद्या उचलतो’ हा उद्या गणपतीपर्यंत जातो. आणि गणपतीत त्याच जागी मांडवाचा खांब येतो. मांडव काढल्यावर खड्डा बुजवायचा असतो हे मंडळाच्या परवान्यात लिहिलेलं असतं. वाचतं कोण!

आता स्वतःच्या घरचं सांगून थांबतो. आमच्या सोसायटीचा उतार मी सर्वसाधारण सभेत काढला. म्हटलं, हा तोडू, फुटपाथ सलग करू, उतार कर्बच्या कडेला घेऊ. पहिल्या वर्षी ठराव पडला. एका मेंबरचं म्हणणं, नव्या गाडीचं पोट घासेल. दुसऱ्या वर्षी मी त्यांच्या गाडीखाली झोपून टेपने जमिनीपासूनची उंची मोजली, १७ सेंटीमीटर, आणि वॉकर घेऊन सौभाग्यवतींना सभेला आणलं. बोलल्या नाहीत, नुसत्या पहिल्या रांगेत बसल्या. ठराव पास झाला. खर्च सगळ्यांत वाटला. गाडीचं पोट घासत नाही, पण ते गृहस्थ माझ्याशी अजून बोलत नाहीत. शेजारच्या दोन सोसायट्यांनी आमचं बघून तसंच केलं, तीन सोसायट्या विचार करताहेत. म्हणजे नवातले तीन चढ-उतार गेले. टाइल्सच्या गोण्या मी स्वतः टेम्पो करून पाठवल्या, तो चौथा.

ती आता अर्ध्या वाटेपर्यंत एकटी जाते. डीपीपाशी थांबते आणि फोन करते, मग मी जातो. डीपी आणि भिंत यांच्यामध्ये ५२ सेंटीमीटर जागा आहे आणि वॉकर आहे ६१चा. ती डीपी सरकवायचा अर्ज मी दोन्हीकडे दिलाय, वीज कंपनीकडे आणि पालिकेकडे. प्रत्येक जण म्हणतो की दुसऱ्याचं काम आहे. अर्जाचे आवक क्रमांक मी चिठ्ठ्यांवर लिहून आणलेत, दारापाशी ठेवतो. जाताना एक एक घ्या आणि उद्या सकाळी त्या क्रमांकाचा हवाला देऊन तुमच्याही नावाने एक अर्ज टाका.