थांबलेल्या रुग्णवाहिकेजवळून जाताना

मुंबईतील वांद्रे-वरळी सागरी सेतूवर ५ ऑक्टोबर २०२२ रोजी पहाटे तीनच्या सुमारास एक अपघात झाला होता आणि जखमींना नेण्यासाठी रुग्णवाहिका तेथे येऊन थांबली होती. सेतूवरील कर्मचारी मदतीला आले होते, काही मोटारीही तेथे उभ्या होत्या. तेवढ्यात मागून भरधाव आलेली एक मोटार या उभ्या गाड्यांवर आणि रुग्णवाहिकेवर आदळली. या धडकेत पाच जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत मदतीसाठी पोहोचलेले सेतूचे कर्मचारीही होते.

पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, अहमदाबादमध्ये सरखेज-गांधीनगर महामार्गावरील इस्कॉन पुलावर असेच घडले. तेथे आधी एका मोटारीची डंपरला धडक बसली होती. पोलीस आले होते आणि लोक जमले होते, तोच एक वेगवान मोटार त्या गर्दीत शिरली. नऊ जणांचा जीव गेला. त्यांमध्ये एक पोलीस शिपाई आणि एक गृहरक्षक दलाचा जवान होता. न्यायवैद्यक तपासणीत त्या मोटारीचा वेग ताशी १४० किलोमीटरच्या पुढे असल्याचे आढळले.

या दोन्ही घटनांमध्ये जीव गमावलेल्यांपैकी काही जण आपले काम करत होते आणि रस्ता हेच त्यांच्या कामाचे ठिकाण होते. जखमीला स्ट्रेचरवर घेणारा परिचारक, पंचनाम्यासाठी अंतर मोजणारा हवालदार, होज पाइप सोडणारा अग्निशामक, बिघडलेल्या ट्रकला साखळी लावणारा क्रेनचालक या सर्वांची पाठ बहुतेक वेळा येणाऱ्या वाहनांकडे असते, कारण त्यांचे लक्ष समोरच्या माणसाकडे किंवा समोरच्या गाडीकडे असावे लागते. मागे पाहण्याची जबाबदारी म्हणूनच मागून येणाऱ्या चालकावर पडते.

सायरन वाजवत मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेला वाट द्यायची, हे आपल्याकडे आता बऱ्यापैकी रुजले आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९४ई त्यासाठीच आहे. अग्निशमन दलाचे वाहन, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने ठरवलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असताना जो चालक आपली गाडी कडेला घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र हे कलम येणाऱ्या वाहनाविषयी आहे. तीच रुग्णवाहिका दोन किलोमीटर पुढे जाऊन थांबली, तिचे मागचे दार उघडले आणि माणसे खाली उतरली, तर तिच्या शेजारून किती वेगाने आणि किती अंतर राखून जायचे, याचे उत्तर या कलमात मिळत नाही. आमच्या मते धोका तेथेच अधिक आहे, कारण धावत्या रुग्णवाहिकेतील माणसांना गाडीचा पत्रा तरी आडोसा देतो आणि उतरलेल्या माणसांना कोणताही आडोसा उरत नाही.

अमेरिकेत या प्रश्नाने कायद्याचे रूप घेतले ते साउथ कॅरोलिना राज्यात. जेम्स गार्सिया हे तेथील आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी. १९९४ साली एका अपघातस्थळी मदत करत असताना त्यांना वाहनाची धडक बसली आणि चौकशीत दोष त्यांच्यावरच ठेवण्यात आला, कारण रस्त्यावर उभे राहून काम करणाऱ्याला संरक्षण देणारा नियम तेव्हा अस्तित्वातच नव्हता. त्यांनी त्यासाठी पाठपुरावा केला आणि १९९६ मध्ये त्या राज्याने कायदा केला. पुढे एकेक राज्य त्या मार्गाने गेले आणि २०१२ पर्यंत पन्नासही राज्यांत असा कायदा झाला. तेथे तो ‘मूव्ह ओव्हर’ कायदा म्हणून ओळखला जातो. त्याची मूळ आज्ञा दोन भागांत आहे. दिवे लुकलुकत असलेले आपत्कालीन वाहन कडेला उभे दिसले, तर त्याला लागून असलेली मार्गिका सोडून पलीकडच्या मार्गिकेत जावे, आणि मार्गिका बदलणे सुरक्षित नसेल, तर वेग पुरेसा कमी करावा.

हा पुरेसा वेग म्हणजे किती, हे अनेक राज्यांनी चालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. फ्लोरिडा आणि टेक्सासमध्ये मार्गिका बदलता येत नसेल, तर फलकावरील वेगमर्यादेपेक्षा ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर, कमी वेगाने जावे लागते. इलिनॉयमधील कायदा स्कॉट गिलेन यांच्या नावाने ओळखला जातो. शिकागो अग्निशमन दलाचे हे अधिकारी डिसेंबर २००० मध्ये डॅन रायन द्रुतगती मार्गावर अपघातस्थळी काम करत असताना मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली सापडले. न्यूयॉर्कच्या कायद्यालाही असेच प्राण गमावलेल्या दोन पोलिसांची नावे आहेत. अलीकडच्या काळात या कायद्यांची कक्षा रुंदावत गेली आहे. फ्लोरिडात जानेवारी २०२४ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये मार्च २०२४ पासून, बिघाड होऊन कडेला उभ्या असलेल्या सामान्य मोटारीलाही हेच संरक्षण मिळते. कॅनडातील ओंटारिओमध्ये रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दलाबरोबर २०१५ पासून टोइंगच्या गाडीचाही समावेश आहे आणि नियम मोडणाऱ्याला किमान ४०० डॉलर दंड होतो. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी तेथे गेलेल्या मराठी चालकांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. अमेरिकेत आणि कॅनडात वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे थांबलेले वाहन बहुधा उजव्या कडेला असते आणि सरकायचे असते ते डावीकडे.

आपल्याप्रमाणेच डावीकडून गाडी चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियाचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे. व्हिक्टोरिया राज्यात १ जुलै २०१७ पासून दिवे लुकलुकत असलेल्या थांबलेल्या आपत्कालीन वाहनाजवळून जाताना वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात ही मर्यादा २५ आहे. न्यू साउथ वेल्सने सप्टेंबर २०१८ मध्ये ४० ची मर्यादा सर्वच रस्त्यांवर लावून पाहिली, परंतु वेगवान महामार्गांवर एकदम एवढा वेग उतरवल्यास मागच्या गाडीची धडक बसण्याची भीती असते. म्हणून वर्षभरानंतर नियम बदलला. ८० किंवा त्याहून कमी वेगमर्यादेच्या रस्त्यावर ४० चा आकडा कायम राहिला, तर ९० किंवा त्याहून अधिक मर्यादेच्या रस्त्यावर परिस्थितीला साजेसा सुरक्षित वेग आणि शक्य तेथे आपल्या आणि थांबलेल्या वाहनाच्या मध्ये एक मार्गिका मोकळी सोडणे, असे ठरले. क्रेन आणि मदतवाहनांचे पिवळे दिवेही तेव्हाच या नियमात आले.

थांबलेली गाडी दिसत असूनही चालक तिच्यावर आदळतो तरी कसा, हा प्रश्न साहजिक आहे. समोरची गाडी चालू आहे की थांबलेली आहे, हे आपला डोळा तिच्या वाढत जाणाऱ्या आकारावरून ओळखतो. लांब अंतरावर हा आकार फारच हळू वाढतो, त्यामुळे शेवटचे काही क्षण येईपर्यंत पुढची गाडी आपल्याच वेगाने धावते आहे, असे वाटत राहते. द्रुतगती मार्गावर, जेथे कोणीही थांबलेले नसणार अशी मनाची धारणा झालेली असते, तेथे ही फसगत अधिक होते. रात्री लुकलुकणाऱ्या लाल-निळ्या दिव्यांमुळे वाहन दुरून कळते खरे, पण त्या झगमगाटाच्या आजूबाजूला काळोखात वावरणारा माणूस मात्र दिसेनासा होतो.

येथे थोडा हिशोब मांडू. रस्ता कोरडा आहे, टायर चांगले आहेत आणि चालकाला ब्रेकवर पाय नेण्यास दीड सेकंद लागतो, असे धरू. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार या दीड सेकंदातच सुमारे ४२ मीटर पुढे जाते आणि ब्रेक लागल्यानंतर थांबेपर्यंत आणखी सुमारे ५५ मीटर घेते, म्हणजे एकूण जवळजवळ शंभर मीटर. ताशी ८० च्या वेगाला हे अंतर ७० मीटरच्या आसपास येते आणि ४० च्या वेगाला केवळ २६ मीटर. ही सर्व गणिते मोटारीची आहेत. भरलेला ट्रक किंवा बस असेल आणि पावसाने रस्ता ओला असेल, तर अंतर बरेच वाढते. त्यामुळे दिवे दिसताच, किमान तीनशे मीटर आधीपासून, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला पाहिजे. शंभरच्या वेगाने हे तीनशे मीटर अकरा सेकंदांच्या आत संपतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एका दिशेला तीन मार्गिका आहेत. रुग्णवाहिका किंवा महामार्ग पोलिसांची गाडी डाव्या साइडपट्टीवर उभी असेल, तर डाव्या मार्गिकेतील वाहनाने आरसा पाहून, इंडिकेटर देऊन मधल्या मार्गिकेत यावे. येथे मधल्या मार्गिकेतील चालकाचे वागणेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण डावीकडून येऊ पाहणाऱ्या ट्रकला त्याने जागा दिली नाही, तर त्या ट्रकला काम करणाऱ्या माणसांना खेटूनच जावे लागेल. थांबलेले वाहन उजवीकडे दुभाजकाला लागून असेल, तर हीच कृती उलट दिशेने करावी. मागून येणाऱ्यांना सावध करण्यासाठी वेग टप्प्याटप्प्याने उतरवावा आणि पुढे वाहतूक तुंबलेली दिसली, तर चारही इंडिकेटर लावावेत. बोरघाटात वळणामुळे पुढचे दिसत नाही, उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक तापलेले असतात आणि अपघात झाल्यास खोपोली-लोणावळ्याचे स्वयंसेवकही पोलिसांबरोबर रस्त्यावर उतरलेले असतात. त्यामुळे घाटात वेगमर्यादा पाळणे, हीच या नियमाची पहिली पायरी आहे.

दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्यावर, विशेषतः कोकणातील वळणावळणाच्या रस्त्यांवर, मार्गिका बदलणे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या वाटेत शिरणे होय. तेथे समोरचा रस्ता पूर्ण मोकळा दिसेपर्यंत थांबावे आणि पोलीस किंवा मदत करणारी व्यक्ती हाताने खूण करत असेल, तर तिच्या खुणेप्रमाणेच पुढे जावे. रात्र असेल, तर दिवे डिप्परवर ठेवावेत, कारण अप्परचा झोत काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो.

शहरात वेग कमी असतो, पण जागाही कमी असते. रुग्णवाहिका इमारतीसमोर थांबली की दुचाकीस्वार तिच्या आणि दुभाजकाच्या मधल्या फटीतून निघू पाहतात, नेमके त्याच वेळी बाजूचे दार उघडून परिचारक उतरतो. मागची मोटार रुग्णवाहिकेला चिकटून उभी राहिली, तर मागील दारातून स्ट्रेचर बाहेर काढता येत नाही आणि रुग्णाला आत घेणेही लांबते. त्यामुळे मागे निदान दोन मोटारी मावतील एवढी जागा सोडावी. अग्निशमन दलाचा बंब उभा असेल आणि रस्त्यावर होज पाइप पसरलेला असेल, तर त्यावरून गाडी नेऊ नये. पाण्याच्या दाबाखाली असलेली ती नळी फुटू शकते किंवा तिला बसलेल्या हिसक्याने टोकाशी उभ्या असलेल्या अग्निशामकाच्या हातातून ती सुटू शकते.

आणखी एक सवय फार घातक आहे. अपघात पाहण्यासाठी किंवा मोबाइलवर चित्रण करण्यासाठी अनेक चालक अपघातस्थळाशेजारी गाडी जवळजवळ थांबवतात. त्यांच्यामागे रांग तुंबते आणि त्या रांगेच्या शेपटाशी नवा अपघात होतो. रस्त्यावर इशाऱ्यासाठी ठेवलेल्या शेवटच्या शंकूच्या आणि शेवटच्या कर्मचाऱ्याच्या पुढे जाईपर्यंत संथ, पण न थांबता जावे. मदत पोहोचलेली नसेल, तर पुढे सुरक्षित ठिकाणी गाडी लावून ११२ वर किंवा १०८ वर, आणि राष्ट्रीय महामार्गावर असल्यास १०३३ वर कळवावे.

ही समज चांगल्या चालकांच्या विवेकावर अवलंबून ठेवून चालणार नाही, असे आम्हाला मनापासून वाटते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ नुसार सार्वजनिक सुरक्षेसाठी रस्त्यांची वेगमर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. महाराष्ट्राने थांबलेल्या आपत्कालीन वाहनांसाठी स्पष्ट आकडा असलेला नियम करावा आणि न्यू साउथ वेल्सच्या दुरुस्तीतून धडा घ्यावा. शहरात आणि साध्या रस्त्यांवर ताशी ४० ची मर्यादा असावी, तर द्रुतगती मार्गांवर एक मार्गिका मोकळी सोडणे आणि वेग टप्प्याटप्प्याने उतरवणे सक्तीचे असावे. या नियमात रुग्णवाहिका, पोलीस आणि अग्निशमन दलाबरोबर क्रेन आणि टोइंग व्हॅनचीही नोंद असावी, कारण रुग्णवाहिका निघून गेल्यावरही सर्वांत शेवटपर्यंत रस्त्यावर थांबतात ते त्यांचेच चालक.