तांब्याचा तळ आणि कंट्रोलर मिडलटन

श्रोतेहो, नमस्कार.

ट्रॅफल्गरची लढाई, म्हणजे ब्रिटिश आरमारानं फ्रान्स आणि स्पेनच्या आरमारांना हरवलं ती, म्हटलं की तिथला ब्रिटिश सेनापती नेल्सन आठवतो. पण १८०५ साली लंडनमधून आरमाराची सूत्रं हलवत होते ते ७८ वर्षांचे एक स्कॉटिश गृहस्थ, चार्ल्स मिडलटन, म्हणजेच लॉर्ड बारहॅम. त्यांचं मोठं काम मात्र त्याच्या कितीतरी आधी, कचेरीत बसून झालं होतं.

१७७८ मध्ये ते नेव्ही बोर्डाचे कंट्रोलर झाले. गोद्या, लाकूड, दोरखंड, कंत्राटं, सगळा पसारा या बोर्डाकडे. अमेरिकेतलं युद्ध पेटलेलं. फ्रान्स उतरला, वर्षभरात स्पेनही आला. नवी जहाजं बांधायला वेळ कुठला? मग आहेत तीच जास्त दिवस समुद्रावर ठेवायची. अडचण जहाजांच्या तळाची होती. किडे लाकूड पोखरत, शेवाळ आणि शिंपले चिकटत, वेग मरे. मिडलटन हट्टाला पेटले, तळाला तांब्याचा पत्रा मारा, तोही अख्ख्या आरमाराला! राजा तिसऱ्या जॉर्जला पटवायला 'बेलोना' जहाजाची तांबं मढवलेली प्रतिकृती नेली. जहाजं वेगवान झाली, गोदीच्या खेपा घटल्या. पण खाऱ्या पाण्यात तांब्याशेजारचे लोखंडी बोल्ट खंगू लागले. तांबेमिश्रित धातूचे बोल्ट आले तेव्हा कुठे हा घोर मिटला. तोवर जुगारच चालला होता म्हणा ना.

स्वभाव मात्र करडा. बोर्डाच्या कारभारातल्या सुधारणा सरकारनं बाजूला सारल्या, तर १७९० मध्ये सरळ राजीनामा दिला. पुढे आरमाराचा वरचा कारभार पाहणाऱ्या अ‍ॅडमिरल्टी बोर्डावर आले आणि १७९५ मध्ये तिथूनही बाहेर पडले.

१७८४ ते १७९० ते रोचेस्टरचे खासदार होते, आणि त्या काळातली एक गोष्ट मला तांब्याइतकीच महत्त्वाची वाटते. तिची सुरुवात मात्र बरीच आधीची. १७५९ मध्ये ते 'अरुंडेल' जहाजाचे कप्तान असताना वाटेत गुलामांनी भरलेलं, साथीनं ग्रासलेलं एक जहाज भेटलं. त्यावर चढलेले वैद्य जेम्स रॅमसे यांनी तिथे जे पाहिलं ते ते कधी विसरले नाहीत. पुढे केंटमधल्या टेस्टन गावी मिडलटन दांपत्याच्या आश्रयानं ते धर्मोपदेशक झाले आणि १७८४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तक छापलं. संसदेत हा प्रश्न कुणीतरी उचलावा, असा आग्रह मिडलटन यांच्या पत्नी मार्गारेट यांनी धरला, आणि मिडलटन यांनी खासदार विल्यम विल्बरफोर्स यांना पत्र लिहिलं. गुलामांच्या श्रमावर साखर पिकवणाऱ्या कॅरिबियन बेटांचं रक्षण करणाऱ्या आरमाराच्याच कारभाऱ्यानं! गुलामांच्या व्यापारावर बंदीचा कायदा १८०७ मध्ये झाला. तेव्हा बारहॅम हयात होते. मार्गारेट १७९२ मध्येच गेल्या होत्या.