स्वतःच्याच बास्केटात बॉल टाकणारा अलोसेन

श्रोतेहो नमस्कार. आजचा विषय युरोपची बास्केटबॉल लीग, म्हणजे युरोलीग, ती घडली कशी. अमेरिकेतली एनबीए बऱ्याच जणांना ठाऊक असते, युरोलीग त्या मानाने कमी. खरं तर एनबीएनंतर जगात दुसरा नंबर हिचाच धरतात. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण क्लब एकमेकांशी खेळतात, अशी ही पूर्ण खंडाची स्पर्धा. सुरू झाली 1958 साली, तेव्हा नाव होतं चॅम्पियन्स कप, आणि चालवायची फिबा, म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना. एवढं लक्षात ठेवा, 1958 आणि फिबा, पुढे लागणार आहे.

पहिल्याच वर्षी गंमत बघा. सेमीफायनलला स्पेनची रियाल माद्रिद आणि सोव्हिएत लाटव्हियातला रिगाचा संघ समोरासमोर येणार होते, पण स्पेनमध्ये तेव्हा हुकूमशहा फ्रँकोची राजवट, सोव्हिएत युनियनशी संबंध नाहीत, सरकारने जाऊच दिलं नाही, माद्रिदने सामना सोडला. रिगा फायनलला गेली, जिंकली, आणि अशी लागोपाठ तीन वर्षं जिंकली. त्यांच्याकडे क्रूमिन्श नावाचा सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा खेळाडू, होता, उंची 2 मीटर 18 सेंटिमीटर. आता हा माणूस रिंगखाली उभा राहिला की समोरच्यांनी काय करायचं तुम्हीच सांगा.

तर मुद्दा. बाद फेरीत दोन सामने व्हायचे, एक त्यांच्या घरी, एक आपल्या घरी, आणि दोन्हीचे पॉइंट मिळवून ज्याची बेरीज जास्त तो पुढे. बेरीज, बरं का. एक सामना हरलात तरी चालतं, फक्त थोडक्यात हरायचं. हे डोक्यात ठेवा कारण आता जो किस्सा सांगणार आहे तो सगळा ह्या बेरजेवर उभा आहे.

18 जानेवारी 1962. इटलीच्या उत्तरेला वारेझे नावाचं गाव, तिथला संघ इग्निस. इग्निस ही फ्रिज बनवणारी कंपनी, तिचंच नाव संघाला. (इटलीत ही पद्धतच, मिलानचा संघ डबाबंद मांसवाल्यांच्या नावाने खेळायचा. आज आपल्याकडे स्टेडियमला कंपनीचं नाव दिलं की लोक नाकं मुरडतात, मला त्यात काय वाईट ते कळत नाही, पैसा देतो त्याचं नाव लागणारच, निदान ग्राऊंड तरी झाडलं जातं. आमच्या इथल्या शाळांच्या रिंगना जाळी नसते, कुणी फ्रिजवाल्याने जाळी बसवली तर मी रोज त्याचं नाव घेईन. असो.)

तर वारेझेत पहिला सामना, समोर रियाल माद्रिद. हॉल सगळा इटालियनांचा. सामना अटीतटीचा, तेव्हा थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून टाकलेल्या बास्केटला तीन पॉइंट, हा प्रकार नव्हता, फिबाने तो 1984 मध्ये आणला, त्यामुळे दोन-दोन करतच पुढे जायचं. आणि शेवटाला आलं तेव्हा स्कोअर 80-80. घड्याळात राहिले होते 2 सेकंद.

80-80 आणि 2 सेकंद. आता बरोबरी झाली तर काय होतं? ओव्हरटाइम, आणखी पाच मिनिटं. माद्रिदचा कोच होता पेद्रो फेरांदिझ. त्याने हिशोब केला. आपली पोरं थकलीत, कामाची माणसं बाहेर बसलीत, पब्लिक त्यांचं, ओव्हरटाइम खेळलो तर ह्या पाच मिनिटांत दहा-बारा पॉइंटने मार खाऊ, आणि दहा-बारा माद्रिदला जाऊन भरून काढणं अवघड. त्यापेक्षा आत्ताच हरलो तर? दोनच पॉइंटने हरलो तर?

मग त्याने आपल्या खेळाडूला, लोरेंझो अलोसेनला सांगितलं आणि अलोसेनने बॉल टाकला. स्वतःच्या बास्केटात. समोरच्यांच्या नाही, स्वतःच्या! 82-80, सामना संपला, इग्निस जिंकली.

असं सांगतात की इटालियन लोकांनी आधी आनंदाने उड्याच मारल्या. काय खुळा आहे हा, दिशा चुकला बिचारा. बाहेरून बघणाऱ्याला तसंच वाटणार ना, पोरगा गोंधळला, दडपणाखाली उलट्या रिंगकडे वळला. आणि मग हळूहळू एकेकाच्या डोक्यात प्रकाश पडला असणार की अरे, ह्यांनी आपल्याला जिंकू दिलं, ह्यांना जिंकायचंच नव्हतं. तोवर घड्याळ शून्यावर. रेफ्री तरी काय करणार, नियमांच्या पुस्तकात कुठेही लिहिलेलं नव्हतं की स्वतःच्या बास्केटात मुद्दाम टाकायचा नाही, कारण असं कुणी करेल हेच नियम लिहिणाऱ्याच्या मनात आलं नव्हतं.

परतीचा सामना माद्रिदला झाला. 83-62. एकवीसने जिंकले! म्हणजे आता बेरीज करा, 80 आणि 83 एकशे त्रेसष्ट, 82 आणि 62 एकशे चव्वेचाळीस. माद्रिद पुढे, इग्निस बाहेर. आता तुम्ही म्हणाल एकवीसने जिंकले तर ओव्हरटाइममध्ये दहाने हरले असते तरी चाललं असतं की. बरोबर आहे, पण ते त्या 2 सेकंदात फेरांदिझला कुठून दिसणार, आणि जे पोरगं दहाने हरून घरी येतं ते मोकळ्या मनाने खेळत नाही हेही आहे.

फिबाने मग नियम बदलला, आज स्वतःच्या बास्केटात मुद्दाम बॉल टाकला तर ती बास्केट धरतच नाहीत. काही लोक ह्याला अखिलाडूपणा म्हणतात, क्रिकेटमधलं 1981 चं ट्रेव्हर चॅपलचं अंडरआर्म, जमिनीवरून सरपटत टाकलेला तो बॉल, आठवतो त्यांना. मला नाही पटत. अंडरआर्मने समोरच्या बॅट्समनला खेळूच दिलं नाही, इथे समोरच्याला चक्क सामना दिला, भेट म्हणून. मी तरी फेरांदिझच्या बाजूने आहे. आणि इतकं करून त्या वर्षी माद्रिद जिंकली का? नाही. फायनलला परत सोव्हिएत संघ, दिनामो तिबिलिसी, एकमेकांच्या देशात जायचं नाही म्हणून एकच सामना जिनिव्हात, आणि 90-83 ने हरली. पहिला कप हातात आला 1964 ला. वारेझेवाले पण काही गप्प बसले नाहीत, 1970 ते 1979 सलग दहा फायनल खेळले, पाच जिंकले.

अरे, घड्याळ बघितलं तर निम्मा वेळ ह्या एका बास्केटात गेला. आता पटापट सांगतो.

नियमात भोक असेल तर क्लब ते शोधतात, हे 1962 ला दिसलं. 2000 साली पुन्हा दिसलं, आणि ह्या वेळी भोक नावातच होतं. मोठ्या क्लबांना वाटायचं खेळतो आम्ही, खेळाडूंना पगार देतो आम्ही, आणि टीव्हीचा पैसा आणि निर्णय सगळे फिबाकडे. त्यांनी वेगळी चूल मांडली. नाव काय दिलं? युरोलीग. फिबा स्वतःच ते नाव 1996 पासून वापरत होती, पण नोंदणीच केली नव्हती! ट्रेडमार्क नाही म्हटल्यावर फिबाला काही करता येईना, तिलाच आपल्या स्पर्धेला सुप्रोलीग असं नवं नाव शोधावं लागलं. मग 2000-01 च्या एका सीझनमध्ये युरोपात दोन चॅम्पियन. इकडे क्लबांच्या युरोलीगमध्ये बोलोन्याचा किंडर, ज्यात पुढे एनबीए गाजवणारा मनू जिनोबिली होता, आणि तिकडे सुप्रोलीगमध्ये मकाबी तेल अवीव. दोघंही म्हणणार आम्हीच युरोपचे राजे. वर्षभरातच सगळ्यांना कळलं की असं चालत नाही, आणि पुढच्या सीझनपासून स्पर्धा एक झाली, पण चावी क्लबांकडे गेली ती गेलीच.

आता तिथे काही क्लबांकडे दीर्घ मुदतीची लायसन्स आहेत, ते कितीही खराब खेळले तरी बाहेर पडत नाहीत. सोसायटीत जुन्या मेंबरांचं पार्किंग फिक्स असतं ना, तसं. आयपीएल किंवा प्रो कबड्डीमुळे सवय झालीये आपल्याला, तिथे खाली जाण्याची भीतीच नाही, पण मला ते आवडत नाही, शेवटच्या नंबरच्या संघाला पोटात गोळा यायलाच हवा. तरी एक चांगलं झालं, 2016 पासून सगळे सगळ्यांशी दोनदा खेळतात, त्यामुळे नशिबाने सोपा गट मिळण्याची भानगड गेली. तेव्हा 16 संघ होते, आता 20, प्रत्येकाचे 38 सामने, दुबईचा संघ पण त्यात आलाय, युरोपात दुबई कशी हे मला विचारू नका.

आणि फिबा? तिने 2016 मध्ये आपली वेगळी चॅम्पियन्स लीग काढली. शिवाय मार्च 2025 मध्ये एनबीए आणि फिबा दोघांनी मिळून जाहीर केलं की युरोपात नवी लीग काढायचा विचार चालू आहे. म्हणजे 2000 ची गोष्ट परत, फक्त ह्या वेळी पैसा अमेरिकेचा.

फायनल फोरबद्दल बोलायचं राहिलं, 1988 ला बेल्जियमच्या घेंटमध्ये पुन्हा सुरू झालेली ती पद्धत, चार संघ, एक शहर, तीन दिवस, आणि 1992 ला इस्तंबूलमध्ये बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबच्या जोर्जेविचने शेवटच्या क्षणी मारलेला तो थ्री-पॉइंटर. त्याला निदान दहा मिनिटं लागतील आणि इथे तर पलीकडून हात दाखवतायत, बातम्यांची वेळ झालीये. नमस्कार.