जुनी डिस्कव्हरी आणि तिचा पुढचा खर्च

(गॅरेजच्या आवारातील गाडी, समोरून)

पुण्यातील एका खासगी गॅरेजच्या आवारात उभी असलेली ही लँड रोव्हर डिस्कव्हरी ४ काल संध्याकाळी चारही चाकांवर समतल होती. आज सकाळी तिची पुढची उजवी बाजू चार बोटे खाली गेली आहे. हे गॅरेजमध्ये मुद्दाम होऊ दिले आहे, कारण रात्री गाडी उभी करताना मिस्त्रींनी एअर सस्पेन्शनचा, म्हणजे गाडी हवेवर उचलून धरणाऱ्या यंत्रणेचा, फ्यूज काढून ठेवला होता. एरवी गाडी बंद असली तरी तिचा नियंत्रक मधूनमधून जागा होतो, चारही कोपऱ्यांची उंची तपासतो आणि जो कोपरा सर्वांत खाली गेला असेल त्याच्या पातळीला उरलेले तीन कोपरे आणून ठेवतो. त्यामुळे सकाळी मालकाला सगळीच गाडी खाली बसलेली दिसते आणि हवा नेमकी कोणत्या चाकापाशी गळते हे समजत नाही. फ्यूज काढला की ही आपोआप होणारी बरोबरी थांबते आणि गळका कोपरा उघडा पडतो.

(साबणाचे पाणी, बुडबुडे, जवळून)

या गाडीत पोलादी स्प्रिंगांच्या जागी रबराच्या चार हवापिशव्या आहेत, ज्यांना कारागीर ‘बलून’ म्हणतात. अडीच टनांहून जास्त वजन त्या पेलतात आणि चढउतार सोपी व्हावी म्हणून बटण दाबल्यावर गाडी ५० मिलिमीटर खालीही आणतात. पिशवीचे रबर जिथे घडी घेते तिथे धूळ आणि बारीक खडी अडकते, वर्षानुवर्षे तीच घडी उघडत-मिटत राहते आणि एक दिवस तिथे केसासारखी चीर पडते. पडद्यावर दिसणारे बुडबुडे त्या चिरेतून येत आहेत. चीर एवढीशी असली तरी तिच्याकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मोठी असते. गळलेली हवा भरून काढण्यासाठी मागच्या डाव्या चाकाच्या पुढे चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, टांगलेला कॉम्प्रेसर (हवा दाबून भरणारा पंप) पुनःपुन्हा चालू होतो, तापतो, त्याच्या पिस्टनची कडी झिजते. त्याला जोडलेल्या ड्रायरमधील ओल शोषणारे दाणे दमट होऊन भुगा होतात आणि ती पांढरी पूड नळ्यांमधून व्हॉल्व्हपर्यंत पोहोचते. टेबलावर उघडलेल्या या व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे हवेची वाट उघडबंद करणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यात, ती स्पष्ट दिसते आहे. एक पिशवी वेळेवर बदलली असती तर पिशवीवर भागले असते. आता पिशवी, कॉम्प्रेसर आणि व्हॉल्व्ह अशा तीन गोष्टींचा खर्च आहे. पुष्कळ ठिकाणी मात्र फक्त नवा कॉम्प्रेसर बसवून गाडी मालकाच्या हाती दिली जाते, आणि चीर तशीच राहिल्याने तो नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. ही मालकाची फसगत आहे, हे इथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

(जुनी गाडी आणि नवी गाडी शेजारीशेजारी)

या गाडीची आधीची पिढी, डिस्कव्हरी ३, सन २००४ मध्ये जगासमोर आली, तेव्हा लँड रोव्हर कंपनी फोर्डच्या मालकीची होती. इंग्लंडमधील सोलिहल येथे ती बनत असे आणि तिचे २.७ लिटरचे व्ही-६ डिझेल इंजिन फोर्ड आणि फ्रान्सच्या प्यूजो-सित्रोएन समूहाने मिळून तयार केले होते. जून २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर या दोन्ही नावांची खरेदी पूर्ण केली, आणि पुढच्याच वर्षी, जून २००९ मध्ये, मुंबईत भारतातील पहिले अधिकृत विक्रीदालन उघडले. डिस्कव्हरी ४ मध्ये ३ लिटरचे, दोन टर्बोचे (टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) आणि ६०० न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे फिरवण्याच्या जोराचे, इंजिन आले. त्या वर्षांत श्रीमंतांनी घेतलेल्या या गाड्या आज दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आहेत. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर तिथल्या महागड्या डिझेल गाड्या स्वस्तात इतर राज्यांत जाऊ लागल्या आणि त्यांतल्या कित्येक महाराष्ट्रातही पोहोचल्या. गाडीची किंमत उतरली, पण तिच्या सुट्या भागांची उतरली नाही, आणि नव्या मालकाचा हिशोब नेमका इथेच चुकतो.

(लिफ्टवर बॉडी वर उचलली जाते)

या चित्रणातील सर्वांत विलक्षण दृश्य आता समोर आहे. डिस्कव्हरीची बॉडी आणि चासी वेगवेगळ्या असल्याने बॉडी संपूर्ण सुटी करून वर उचलता येते. बदलायचा टर्बो हा इंजिनाच्या मागे, अशा अडचणीच्या जागी बसवलेला आहे की तिथे पाना फिरवायलाही वाव नाही. काही कुशल कारागीर बॉडी न काढता तो उतरवतात, पण इथे काम अधिक मोठे असल्याने सरळ मार्ग निवडला आहे. आधी एसीचा गॅस आणि कूलंट काढून घेतले, मग स्टिअरिंगचा सांधा, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचे जोड आणि डिझेल भरण्याची नळी एकेक करून सोडवली; प्रत्येक जोडाला चिठ्ठी लावली, नटबोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवले आणि शेवटी बॉडीचे बोल्ट सैल केले. दोन खांबांच्या लिफ्टने बॉडी वर गेली आणि खाली इंजिन, गिअरबॉक्स आणि चाके असा सगळा सांगाडा उघडा झाला. आता टर्बोबरोबर टायमिंग बेल्ट (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारा पट्टा), इंजिनाच्या मागच्या बाजूचा दुसरा बेल्ट आणि पाझरणाऱ्या सगळ्या नळ्या बदलून घेणे शहाणपणाचे आहे, कारण हीच मजुरी दुसऱ्यांदा द्यायला कोणी तयार होणार नाही. २.७ लिटर इंजिनात ऑईल पंपाच्या ज्या भागावर बेल्टचा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग) बसतो तो भाग तुटल्याची उदाहरणे आहेत, म्हणून सुधारित पंपही याच वेळी बसवला जातो. या दोन्ही इंजिनांत बेअरिंग जागेवरून फिरून क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा) तुटण्याचा दोषही परिचित आहे. तसे झाले तर इंजिन बदलण्याचा खर्च गाडीच्या बाजारभावापलीकडे जाऊ शकतो.

(पुढचे चाक, लोअर आर्म)

लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या दांड्याचे, बुश (सांध्यातले रबर) सैल झाले की गाडी वेगात भरकटते आणि टायरची आतली कड झिजते. सनरूफच्या निचऱ्याच्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबल्या तर पावसाळ्यात पाणी खांबातून उतरून पायांखालच्या गालिच्यात साचते, आणि फ्यूजबॉक्स तिथून फार दूर नाही.

सुट्या भागांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, एवढा दिलासा आहे. मात्र १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना आयात चारचाकीला ४०,००० रुपये शुल्क आहे, तर साध्या मोटारीला ५,००० रुपये, आणि २० वर्षांनंतर ही शुल्के दुप्पट होतात. अधिकृत सेवाकेंद्राबाहेरच्या कुशल गॅरेजला दुरुस्तीची माहितीपुस्तके, सॉफ्टवेअर आणि अस्सल भाग रास्त दरात मिळाले तर यातल्या बऱ्याच गाड्या वाचतील. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टलमध्ये वाहनक्षेत्राचा समावेश आहे, पण ती माहिती या मिस्त्रींच्या टेबलापर्यंत पूर्णपणे पोहोचली पाहिजे.

(खरेदीदार आणि मिस्त्री गाडीभोवती)

अशी गाडी घेणाऱ्याने बयाणा देण्यापूर्वी ती रात्रभर फ्यूज काढून उभी ठेवण्याची परवानगी मागावी, सकाळी चारही कोपरे फूटपट्टीने मोजावेत, स्कॅनर लावून गाडीच्या संगणकातील बिघाडांच्या जुन्या नोंदी वाचाव्यात आणि ऑईल, टायमिंग बेल्ट व गिअरबॉक्स ऑईल बदलल्याची बिले तारखांसह पाहावीत. बिले नसतील तर ती सगळी कामे आपल्यालाच करायची आहेत असे धरून गाडीचा भाव ठरवावा.